म्हशी वगळून

१८ नोव्हेंबर २००३

संस्थेने दिलेली वही आकड्यांसाठी आहे. तिच्यात मत लिहायला रकाना नाही, म्हणून ही दुसरी वही. मते कमी ठेवण्याचा प्रयत्न करीन.

माळशिंगीचे तळे. कोल्हापूरपासून चौदा किलोमीटर, इचलकरंजीच्या बाजूला. क्षेत्र सुमारे अकरा एकर, सरासरी खोली दीड मीटर, पाणी चहाच्या रंगाचे. काम असे: वर्षभर पाण्याची प्रत तपासायची, पक्षी मोजायचे, आणि दोन्ही सुधारण्याचा उपाय सुचवायचा. एम.एस्सी.ला माझा प्रबंध पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर होता. पाणी मला कळते. पक्षी पुस्तकातून कळतात.

पोचले तेव्हा तळ्यात सतरा म्हशी बसल्या होत्या. फक्त डोकी वर, आणि तलवारीसारखी मागे गेलेली लांब शिंगे. काठावर साठीची एक बाई उभी होती. तिने माझ्या खांद्यावरची पेटी बघितली.

"पोलिओवाली काय?"

"नाही. पाणी तपासायला आले आहे."

"पाणीच हाय की. त्येच्यात काय तपासायचं?"

ही झुंबरबाई. सगळ्यांत पुढे बसलेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस तिची. म्हशीचे नाव चंद्री. मी विचारले नव्हते.

परतताना मोपेडचा सायलेन्सर सैल झाल्याचे लक्षात आले. दुरुस्त करून घेणे.

२५ नोव्हेंबर

पहिली पूर्ण मोजणी. एकूण पक्षी एकशे एक्केचाळीस.

एक अडचण आहे. बगळे एकवीस, पण त्यांतले चौदा म्हशींच्या पाठीवर. शेकाटे (काळे पंख, लांब गुलाबी पाय) नऊ, आणि नऊच्या नऊ म्हशींनी तुडवलेल्या चिखलात. बदकेही म्हशी बसतात त्याच बाजूला. म्हशींमुळे पक्षी एका ठिकाणी गोळा होतात आणि मोजणी दूषित होते. पाठीवरचा बगळा तळ्याचा धरायचा की म्हशीचा?

यापुढे वेगळा रकाना ठेवायचे ठरवले: "म्हशी वगळून". आजचा आकडा अठ्ठावन्न. हा तळ्याचा खरा आकडा.

झुंबरबाईने पितळेच्या तांब्यात धारोष्ण दूध आणले. न उकळलेले दूध मी पीत नाही, असे सांगितले. तिने ते माझ्यासमोर उभ्या उभ्या पिऊन टाकले आणि म्हणाली, "तपासलं. चांगलं हाय."

९ डिसेंबर

सरपंच धोंडुबाईंची भेट. राखीव जागेवर निवडून आल्या आहेत, पण पंचायतीत त्यांचे यजमान चहा आणतात आणि त्या सही करतात. तळ्याचा पूर्वेचा काठ बुजवून तिथे मंगल कार्यालय बांधायचा ठराव त्यांनी तयार ठेवला आहे. कारण विचारले.

"कारण? आमची सगळी लग्नं इचलकरंजीला हुत्यात. तितं एका लायनीत चार हॉल. गेल्या वैशाखात आमचं निम्मं वऱ्हाड भलत्याच हॉलात शिरलं. जेवलं, आहेर दिला, फोटो काढला. नवरी बगितल्यावर कळालं."

"मग?"

"मग काय? जेवल्यावर आहेर परत मागतंय व्हय कोण?"

कारण पुरेसे वाटले, तरी मी माझी बाजू मांडली. वनखात्याच्या जानेवारीच्या मोजणीत दोनशे पक्षी भरले, तर तळे संरक्षित यादीत जाते. मग काठ बुजवता येत नाही. या जानेवारीत ते शक्य नाही, पुढच्या जानेवारीत होईल.

धोंडुबाईंनी विचार केला. "बरं. पुढच्या जानेवारीपतोर दम धरतो. पर दोनशे म्हंजे दोनशे. एक जरी कमी भरला तरी मांडव."

मला ही बाई आवडली. म्हणजे, मोजमापाबाबत तिची भूमिका स्पष्ट आहे.

२६ जानेवारी २००४

ग्रामसभा. मी अहवाल वाचला. म्हशींच्या शेण-मुतामुळे पाण्यातला प्राणवायू घटतो. त्यांच्या वावराने गढूळपणा वाढतो. पक्ष्यांना निवांतपणा मिळत नाही. उपाय: तळ्यात म्हशींना पूर्ण बंदी. सोबत तक्ते तीन.

झुंबरबाई उठल्या. "आनि म्हशीनं दुपारी जायचं कुटं?"

"सावलीत."

"तुमी जावा की सावलीत. अंगावर घोंगडं घिऊन जावा, दिसभर बसा, मग सांगा."

सभा हसली. पण ठराव मंजूर झाला. तक्त्यांना कोणी हरकत घेतली नाही. दवंडी दिली गेली. पहाऱ्याची जबाबदारी तालमीचे वस्ताद आकाराम यांनी घेतली. वय साठ, मान नाही, डोके थेट खांद्यांवर. म्हणाले, "एक म्हस आत गेली तर ह्या मिश्या काढून दीन."

मिश्यांची नोंद संस्थेच्या वहीत केलेली नाही.

१९ फेब्रुवारी

विरघळलेला प्राणवायू ४.१ वरून ६.२. गढूळपणा निम्म्यावर. पाण्यातला तळ दिसतो. इतके स्वच्छ उत्तर प्रयोगशाळेतही मिळत नाही.

गावात लालासाबचे गॅरेज आहे. सायलेन्सर दाखवायला गेले, तर गाड्या धुवायच्या रॅम्पवर चंद्री उभी होती आणि लालासाब तिच्यावर पाण्याचा फवारा मारत होते. खाली दोन जीप आणि एक टेम्पो रांगेत.

"काय करू म्याडम? झुंबरभाभी रोज आनती. आनि ही एकदा चढली का उतरतच न्हाय. पुढनं फवारा मारतोय तर फुडं येती, मागनं मारतोय तर मागं येती."

टेम्पोवाला हॉर्न देत होता. चंद्री त्याच्याकडे बघून रवंथ करत होती. सायलेन्सर राहिला.

१५ मार्च

चंद्री आता रोज सकाळी तळ्याच्या रस्त्यावर आडवी उभी असते. योगायोग असावा. हॉर्नचा उपयोग होत नाही. आज एका बैलगाडीतून पडलेले उसाचे वाढे (हिरवे शेंडे) उचलून तिला दिले. तिने ते खाल्ले आणि बाजूला झाली. पद्धत परिणामकारक आहे. उद्या पेंडी घेऊन जावे.

२ एप्रिल

वाढे रोज न्यावे लागते. रस्ता मोकळा करण्यासाठी. आता चंद्री मोपेडचा आवाज ओळखते; गावाच्या वेशीपाशी येऊन थांबते आणि तळ्यापर्यंत मागून चालत येते. आकाराम वस्ताद तळ्याच्या फाटकापाशी तिला दंड थोपटून दाखवतात. ती थांबते. दोघे एकमेकांकडे बघतात. मग ती परत जाते.

"म्हस तुमच्या मागं लागलीया," लालासाब म्हणाले. "आमी दिवाळीच्या पाडव्याच्या शर्यतीसाठी असंच शिकवतो. सायलेन्सर काढायचा, फटफटी पळवायची, म्हस मागनं. आवाज बसला पायजे तिच्या कानात. ह्यो तुमचा सायलेन्सर बांधून घ्या, न्हायतर अवघड हुईल."

सांगितले की सध्या ते प्राधान्याचे काम नाही.

२३ मे

उष्मा ४१ अंश. म्हशीला घाम जवळजवळ येत नाही, असे एका पुस्तकात वाचले. पाण्यात बसणे हा तिचा आळस नसून तापमान नियंत्रणाचा भाग आहे. ही माहिती अहवालात नव्हती. अहवाल पाण्याविषयी होता.

झुंबरबाई म्हणतात चंद्रीचे दूध दीड लिटरने उतरले. मी लिहून घेतले. कुठे लिहायचे ते कळेना, म्हणून इथे.

२० जून

नेसरीहून, म्हणजे घरून, अप्पांचा फोन, घरमालकिणीकडे.

"तितं तू नेमकं काय करतीस?"

"मोजते."

"आनि मोजून झाल्यावर?"

"परत मोजते."

मागून अव्वाचा, म्हणजे आईचा, आवाज आला, "जेवती का इचारा." जेवते, असे सांगितले.

४ ऑगस्ट

पाऊस भरपूर. काठचे गवत जोरात वाढले आहे, पाण्यातही शिरले आहे. हिरवाई वाढली, हे चांगले लक्षण. पूर्वेच्या काठावर आता चिखल अजिबात दिसत नाही. फार नीटनेटके वाटते.

शेकाटे दिसले नाहीत. पावसाळ्यात इकडेतिकडे जात असावेत.

१७ सप्टेंबर

पक्षी बावीस. गवत कमरेएवढे. बाकीचे पक्षी गवतात लपले असावेत.

८ ऑक्टोबर

पक्षी एकोणीस. फारच चांगले लपले असावेत.

२५ ऑक्टोबर

सकाळी सात वाजता आकाराम वस्ताद मोटरसायकलवरून माझ्या खोलीवर. इतके मोठे शरीर इतक्या लहान जिन्यात मी कधी बघितले नव्हते.

"म्याडम, चला! राजहंस उतरल्यात!"

राजहंस या भागात येत नाहीत, हे सांगितले. ते म्हणाले, आल्यात. गेले.

उत्तर काठाच्या गवतात अकरा पांढरे पक्षी. दुर्बिणीतून दहा मिनिटे बघितले. एकही हलला नाही. सगळ्यांच्या माना एकाच कोनात, चोची शेंदरी, डोळ्यांना काजळ. जवळ गेल्यावर प्रत्येकाच्या पाठीवर सपाट जागा आणि मध्ये एक खिळा दिसला.

"वस्ताद, हा खिळा कशाला?"

"त्येच्यावर सरस्वती बसती," म्हणाले. "गंगावेशीतनं कुंभाराकडनं आनलं. म्हटलं, आपलं भाऊबंद बसल्यालं बगून वरनं जानारी उतरतील. तुमी लई काळजीत दिसत हुता."

मी काळजीत दिसत नव्हते. तालमीच्या सहा मल्लांनी पहाटे हे काम केले, आणि एकाच्या पायाला शिंपला लागला. मी आयोडीन लावले. आणि सांगितले की प्लास्टर आणि रंगाने पाणी बिघडते, तेव्हा हंस दुपारपर्यंत बाहेर हवेत. दोन तोवर बुडाले होते. मल्लांनी बुडी मारून काढले. त्यांतल्या एकाची मान सापडली नाही.

नोंद: राजहंस, ११, प्लास्टर ऑफ पॅरिस. मोजणीत धरले नाहीत.

३ नोव्हेंबर

पक्षी सव्वीस. गेल्या वर्षी याच महिन्यात एकशे एक्केचाळीस. स्थलांतरित बदकांचा एक थवा वरून आला, एक फेरी मारली आणि पंचगंगेच्या दिशेने निघून गेला. मी तो जाताना मोजला. चाळीस.

पाण्याची प्रत उत्कृष्ट.

५ नोव्हेंबर

गेल्या वर्षाची वही आज पहिल्या पानापासून वाचली. "म्हशी वगळून" हा रकाना खोडला आणि काढून टाकलेले आकडे परत मिळवले. मग प्रत्येक पक्षी कुठे होता ते नकाशावर टिंबाने मांडले. टिंबांचा आकार तळ्यासारखा आला नाही. सतरा म्हशींसारखा आला.

म्हशी गवत खातात. तुडवतात. काठाचा चिखल उघडा ठेवतात. त्या चिखलात किडे असतात, आणि पक्ष्यांचे जेवण तिथे असते. म्हशी हटल्या, गवताने काठ झाकला, जेवण बंद झाले. एवढेच. मी पाणी मोजत होते. पक्षी पाण्यासाठी आलेच नव्हते. मी जे आकडे चूक समजून वगळले, उत्तर तेच होते.

मोजणीला दहा आठवडे. दोनशे नाही भरले, तर पूर्वेचा काठ जाईल. तो मी घालवलेला असेल. अंकगणित सोपे आहे.

६ नोव्हेंबर

झुंबरबाईंच्या गोठ्यावर गेले. म्हटले, म्हशी तळ्यात सोडा, उद्यापासून.

त्या धार काढत होत्या. थांबल्या नाहीत. "हाकलताना दवंडी दिलीसा. आनि बोलवताना गोठ्यात यून कानात सांगतीयासा व्हय?"

"माझी चूक झाली, मावशी."

"ते मला नगं सांगूस. तिला बी नगं, ती ऐकनार न्हाय. चार मान्सात हाकलली, चार मान्सात बोलवा. मान हाय म्हशीला."

चंद्रीने माझ्या पिशवीत तोंड घातले. वाढे होते.

मग धोंडुबाईंकडे. त्या म्हणाल्या, "ठराव सभेत झाला, सभेतच मोडंल. पाडव्याला सगळं गाव गोळा हुतंय, तवा बोला. तसं बी तितं तुमचा सत्कार हाय."

"कशाबद्दल?"

"तळं स्वच्छ केल्याबद्दल. नारळ आनून झालाय."

११ नोव्हेंबर

भाषण लिहिले. दोन पाने, तक्ते दोन. पहिल्या मसुद्यात "निष्कर्षात अंशतः त्रुटी आढळली" असे होते. तिसऱ्या मसुद्यात "मी चुकले" असे आहे. हे वाक्य मोठ्याने वाचून पाहिले. घरमालकिणीने दार वाजवून कोण आले आहे विचारले.

दिवाळी पाडवा

हे डोक्याला फेटा बांधलेला असताना लिहीत आहे. कारण खाली.

दुपारी वेशीजवळच्या माळावर गाव जमले. सतरा म्हशी ओळीने उभ्या. शिंगांना रंग आणि मोरपिसे, गळ्यात कवड्या, पायांत चाळ. चंद्रीच्या कुशीवर झुंबरमावशींनी चुन्याने लिहून घेतले होते: "तळं आमचं बी हाय". शर्यतीचा नियम असा की मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढे जातो आणि म्हैस त्याच्या मागे धावते. लालासाब चालवणार, मावशी मागे उलट्या बसून हाका मारणार.

त्याआधी माझा सत्कार. शाल, नारळ. धोंडुबाईंनी ध्वनिवर्धक माझ्या हातात दिला. मी पर्स उघडली. भाषणाची पाने होती. तक्ते नव्हते. तक्ते तळ्याकाठच्या तालमीच्या खोलीत राहिले होते. आकड्यांशिवाय मी बोलत नाही. "पाच मिनिटांत येते," असे सांगून मोपेड सुरू केली.

दगडावरून जाताना सायलेन्सर पडला. पूर्ण.

आवाज किती होता हे मोजायचे साधन जवळ नव्हते. मागून चाळांचा आवाज आला. आरशात बघितले तर आरशात फक्त शिंगे. मोरपिसांसकट.

वेग वाढवला. आवाज वाढला. आवाज वाढल्याने त्यांचा वेग वाढला. थांबावे तर शिंगांचे अंतर दीड मीटर, अंदाजे. मागून मावशी ओरडत होत्या, "चंद्रे! तिकडं न्हाय! आमी हिकडं हाय!" आणि लालासाब मोटरसायकल रेटत होते, म्हणजे माझा पाठलाग म्हशी करत होत्या आणि म्हशींचा पाठलाग लालासाब. त्यांच्यामागे गाव.

रस्ता सरळ तळ्याला जातो. दुसरीकडे जातच नाही. फाटकात आकाराम वस्ताद दंड थोपटून उभे राहिले. मग त्यांनी सतरा म्हशी बघितल्या. फाटक त्यांनीच उघडले.

मी गवतात पडले. मोपेड माझ्या पुढे पंधरा फूट गेली आणि पाण्यात बंद झाली. म्हशी दोन्ही बाजूंनी गेल्या, एकीनेही मला पाय लावला नाही. गवत आडवे करत आत शिरल्या, आणि बसल्या. कवड्या, मोरपिसे, सगळ्यासकट. दहा महिन्यांनी. तळ्यातून असा आवाज आला की जणू तळ्यानेच श्वास सोडला. (हे मत आहे.)

गाव काठावर जमले. भाषणाची पाने माझ्या हातातच भिजली होती, शाई उतरली होती. गुडघाभर चिखलात उभी राहून जे आठवले ते बोलले.

"माझं चुकलं. म्हशी तळ्यासाठी वाईट नाहीत. त्यांच्यामुळेच पक्षी येत होते. बंदी मी घालायला लावली. ती उठवा."

मग झुंबरमावशी तळ्याकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "ऐकलंस का चंद्रे? बोलावत्यात तुला!"

चंद्रीने कान हलवला. धोंडुबाईंनी तिथेच हात वर करायला सांगितले. ठराव मोडला. वस्तादांच्या मिश्यांचा विषय कोणीतरी काढला, पण फाटक त्यांनी स्वतः उघडल्यामुळे म्हशी "आत गेल्या" असे न होता "आत घेतल्या" असे ठरले. मिश्या राहिल्या.

मग शर्यतीचे पंच आपसात भांडले. नियमाप्रमाणे म्हशी ज्या गाडीच्या मागे सर्वांत वेगाने धावल्या ती पहिली. सतरापैकी सतरा एकाच गाडीमागे. पहिला क्रमांक मला. बक्षीस पाच किलो पेंड आणि फेटा. फेटा वस्तादांनी माझ्या डोक्याला बांधला. घट्ट. पेंड चंद्रीला दिली. फेटा ठेवला.

रात्री मावशींनी दूध दिले. प्यायले. उकळलेले नव्हते.

१६ नोव्हेंबर

पोटाला काही झाले नाही. नोंद म्हणून.

लालासाबनी मोपेडचे इंजिन सुकवून दिले. सायलेन्सर सतरा म्हशींच्या पायांखाली सपाट झाला आहे. नवा मागवला आहे, म्हणाले, वेळ लागेल. तोवर म्हशी वेशीपासून मागे येतात. सतराही. आधी मी सकाळी येत असे, पण म्हशींची पाण्याची वेळ दुपारी एकची. म्हणून आता मीही एकला येते.

३० नोव्हेंबर

पक्षी चौसष्ट. पूर्वेच्या काठाला हाताएवढा रुंद चिखल दिसला. त्यात एक शेकाट्या उभा होता. एका पायावर. मी त्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघितले.

२१ डिसेंबर

एकशे सत्तावीस. विरघळलेला प्राणवायू ४.८. चालेल.

८ जानेवारी २००५

एकशे त्र्याहत्तर. आठ दिवस उरले. वस्तादांनी विचारले, हंस परत लावायचे का, मान नसलेला सोडून. नको म्हटले. आवाज जरा चढला.

१६ जानेवारी

खात्याचे मोजणीदार अकराला आले. चष्मा, टोपी, मोजणीचे बटण. मोजणीची वेळ अकरा ते दोन. धोंडुबाईंनी स्वतःची वही आणली होती आणि त्यांच्यापेक्षा एक पाऊल पुढे उभ्या राहून स्वतंत्र मोजत होत्या. गाव मागे, गप्प. हे गाव गप्प बसू शकते हे मला माहीत नव्हते. तालमीच्या एका मल्लाला शिंक आली, तर वस्तादांनी त्याचे नाक धरले.

बदके एकशे चार. बगळे एकतीस, म्हशींच्या पाठीवरच्यांसकट. शेकाटे चौदा. चांदवे, तुतवार, एक करकोचा. तीन वेळा बेरीज केली.

एकशे सत्त्याण्णव.

मोजणीदारांनी चष्मा पुसला. "फार छान तळं आहे," म्हणाले. नापास झालेल्या मुलाच्या आईशी लोक असे बोलतात. त्यांनी वही मिटली.

धोंडुबाईंनीही वही मिटली. माझ्याकडे बघितले नाही. "तीन," एवढेच म्हणाल्या, हळू. आनंद झालेल्या दिसल्या नाहीत. झुंबरमावशी पुढे येऊन काहीतरी बोलणार होत्या. मला तेव्हा कोणाचेच ऐकायचे नव्हते. लोकांसमोर उभे राहण्याचे माझे काम झाले होते. मोपेडपाशी गेले आणि किक मारली.

तळ्यात चंद्री उठली.

मग बाकीच्या सोळा. पश्चिमेला बसल्या होत्या. माझ्याकडे यायला जवळचा रस्ता पूर्वेच्या काठावरून, म्हणजे मंगल कार्यालयाच्या जागेवरून, चिखलातून. त्या चिखलात चालू लागल्या आणि चंद्रीच्या पायाजवळून काहीतरी उडाले. तपकिरी, लांब चोचीचे, वेडेवाकडे वळणे घेत.

पाणलावा. हा पक्षी चिखलात चिखलाच्याच रंगाचा होऊन बसतो. जवळून गेले तरी हलत नाही. जवळजवळ पाय पडला तरच उडतो. पुस्तकात वाचले होते. दुर्बिणीतून तीन तास त्याच चिखलाकडे बघत होते आणि दिसला नव्हता.

"एक," धोंडुबाई मोठ्याने म्हणाल्या.

चंद्रीने दुसरा पाय टाकला. "दोन!" मागच्या म्हशींनी पाय टाकले. "तीन! चार!" आता गावही मोजत होते. "पाच!" मग काही नाही. म्हशी चालत राहिल्या. अगदी शेवटची, लंगडी म्हैस चिखलातून बाहेर पडली, आणि तिच्या मागून, "सहा!"

मोजणीदार म्हणाले, "पण मी वही मिटली होती."

धोंडुबाईंनी त्यांचे मनगट धरून घड्याळ त्यांच्याच डोळ्यांसमोर नेले. "किती वाजल्यात, वाचा."

"एक सत्तावन्न."

"मोजनी दोनपतोर हाय. उघडा."

"तुम्हीच मोजलेत ना बाई? तुमचा तर इथं हॉल..."

"मी मोजल्यात, म्हनूनच सांगतो. सहा. दोनशे तीन. सरपंच खोटं मोजत न्हाय. लिवा."

त्यांनी लिहिले. तोवर सतरा म्हशी माझ्या मोपेडभोवती पोचल्या होत्या आणि चंद्रीने पिशवीत तोंड घातले होते. मला हलता येत नव्हते. डोळ्यांत काहीतरी गेले. म्हशी आल्या की धूळ उडते. झुंबरमावशींनी पदराने माझा चेहरा पुसला आणि त्याच पदराने चंद्रीचा.

धोंडुबाई आल्या. "कार्यालय आता गावठानात बांधतो. पयलं लगीन तुमचंच लावायचं तितं."

मी चंद्रीचे तोंड पिशवीतून काढू लागले.

"म्हशींस्नी आवतन आमी दीव," वस्ताद म्हणाले. "सगळ्या येतील. तुमी नुसती गाडी चालू करा."

संध्याकाळी खात्याचा अर्ज भरला. "संवर्धनासाठी केलेले उपाय" या रकान्यात लिहिले: म्हशी, सतरा, रोज दुपारी एक ते तीन. मग संस्थेच्या वहीत शेवटची नोंद केली. पक्षी दोनशे तीन. म्हशी धरून दोनशे वीस.

लालासाब नवा सायलेन्सर घेऊन आले. अखेर मिळाला, म्हणाले, बसवू का?

सायलेन्सर दुरुस्त करू नये.